कागदाविना छपाई : मराठी अक्षर, मुंबईची उपनगरे आणि पीडीएफचा आभासी प्रिंटर

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांतील छापखान्यांतून शिशाचे खिळे हळूहळू हद्दपार झाले आणि अक्षरजुळणी संगणकावर होऊ लागली, तेव्हा मराठी मुद्रणाची एक जुनी अडचण दूर होऊन तिच्या जागी एक नवीच अडचण उभी राहिली. खिळ्यांचे पान एकदा साच्यात आवळून घट्ट केले की ते कोणत्या यंत्रावर चढवले जाते यावर अक्षराचे रूप अवलंबून नसे. संगणकावर जुळवलेले पान मात्र ज्या यंत्रावर जुळवले त्याच्या बाहेर नेले की पुष्कळदा वाचण्याजोगेही राहत नसे, कारण पानातील मजकूर एका फाइलमध्ये आणि तो ज्या टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, दिसायचा तो टंक दुसऱ्या फाइलमध्ये असे. या अडचणीवर पुढे जो उपाय सर्वांच्या हाती आला तो म्हणजे आभासी प्रिंटर, अर्थात संगणकाला प्रिंटर म्हणून दिसणारी पण कागदावर काहीच न छापता त्या पानाची पीडीएफ फाइल करून देणारी प्रणाली. तो उपाय सामान्य कार्यालयांना परवडला याचे श्रेय प्रामुख्याने मुक्त सॉफ्टवेअरला आहे. पण त्या उपायाने मराठी अक्षराचे रूप वाचले तरी मराठी मजकूर वाचला नाही, आणि या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्याखेरीज हा इतिहास नीट समजत नाही.

त्याची सुरुवात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात झाली. तेथून बाहेर पडलेल्या जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्के यांनी १९८२ मध्ये अडोबी ही कंपनी स्थापन केली आणि १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा बाजारात आणली. पृष्ठवर्णन म्हणजे पानावर कोणते अक्षर, कोणत्या आकारात, नेमके कोठे बसवायचे याच्या सूचना अशा रीतीने लिहिणे, की त्या सूचना पाळणारे यंत्र इंचाला ३०० ठिपके उमटवणारे असो की हजाराहून अधिक, पान तेच उमटावे. १९८५ मध्ये अॅपलने लेझररायटर हा पोस्टस्क्रिप्ट जाणणारा प्रिंटर सुमारे सात हजार डॉलरला विकायला काढला, त्याच वर्षी आल्डस कंपनीचे पेजमेकर आले, आणि लायनोटाइपच्या फिल्मवर अक्षरे उमटवणाऱ्या यंत्रांनीही हीच भाषा स्वीकारली. ज्या व्यवसायाला पुढे जगभर आणि मुंबईतही डीटीपी हे नाव पडले, तो या तीन गोष्टींच्या संयोगातून जन्मला. या घडामोडीतला एक निर्णय पुढच्या सगळ्या कथेच्या मुळाशी आहे. अडोबीने पोस्टस्क्रिप्टचा अर्थ लावणारी आपली प्रणाली विकत ठेवली, परंतु भाषेचे व्याकरण मात्र पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, त्यामुळे ते व्याकरण वाचून दुसऱ्या कोणालाही तशीच प्रणाली स्वतः लिहिण्याचा मार्ग मोकळा राहिला.

मुंबईच्या उपनगरांत डीटीपी पसरले ते स्थानकालगतच्या इमारतींतील छोट्या खोल्यांतून आणि औद्योगिक वसाहतींतील गाळ्यांतून. लग्नपत्रिका, शाळांची स्मरणिका, गणेशोत्सव मंडळांचे अहवाल, दिवाळी अंकांच्या जाहिराती आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांच्या नोटिसा हे तेथले नेहमीचे काम होते. मराठीसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, पुण्याच्याच सी-डॅक या सरकारी संस्थेचे आयएसएम, सायबरस्केपचे आकृती अशी सॉफ्टवेअरे वापरात होती, आणि त्यांपैकी काही हार्डवेअर लॉकवर, म्हणजे संगणकाच्या मागे लावायच्या छोट्या खुंटीवर चालत. इंग्रजी टंकांसाठी आखलेल्या २५६ जागांच्या कोष्टकातच देवनागरीची अक्षरे, अर्धी अक्षरे, वेलांट्या आणि जोडाक्षरे कशीबशी बसवायची, आणि ती कोणत्या जागी बसवायची हे प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरवायचे, अशी ती व्यवस्था होती. परिणामी घाटकोपरच्या गाळ्यात श्रीलिपीत जुळवलेले पान दादरच्या लेखकाच्या संगणकावर उघडले की तेथे रोमन अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे यांचा गुंता दिसे, आणि प्रुफे तपासण्यासाठी कागदच हाती घेऊन लोकलने जावे लागे.

छापखान्याशी व्यवहार करताना अक्षरजुळणीकारांनी यावर एक वाट काढली होती, आणि आभासी प्रिंटरची पूर्वज म्हणावी अशी ती वाट होती. छोटे काम असेल तर लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपर घालून थेट आउटपुट काढत आणि त्यावरून प्लेट करत; पण चांगल्या छपाईसाठी पॉझिटिव्ह, म्हणजे पारदर्शक फिल्म, लागे आणि ती काढणारे यंत्र मोजक्याच ठिकाणी असे. त्या यंत्रासमोरच्या संगणकावर आपला मराठी टंक असेल याची खात्री नसल्यामुळे अक्षरजुळणीकार आपल्याच संगणकावर पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरचा ड्रायव्हर बसवत, म्हणजे प्रत्यक्षात नसलेल्या प्रिंटरची ओळख संगणकाला करून देत. प्रिंटर जोडण्याच्या जागेच्या, अर्थात पोर्टच्या यादीत विंडोजमध्ये ‘फाइल’ असाही एक पर्याय असे. तो निवडून छपाईची आज्ञा दिली की पानाच्या सगळ्या सूचना, टंकाच्या आकृत्यांसह, एका फाइलमध्ये साठत. ती फाइल १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर बहुधा मावत नसे, म्हणून तिचे तुकडे करून अनेक फ्लॉप्यांवर किंवा झिप ड्राइव्हवर ती नेली जाई. मात्र ती फाइल सहसा पडद्यावर पाहता येत नसे. एखादी ओळ सरकली असेल किंवा टंक गळाला असेल तर ते फिल्म निघाल्यावर, म्हणजे पैसे खर्च झाल्यावरच कळे.

वॉर्नॉक यांनी १९९० च्या सुमारास ‘कॅमेलॉट’ या नावाने जी योजना मांडली ती नेमकी या उणिवेवर बोट ठेवणारी होती. कोणत्याही प्रणालीत तयार झालेला दस्तऐवज कोणत्याही संगणकावर जसाच्या तसा पाहता यावा आणि छापताही यावा, असा तिचा हेतू होता, आणि तिच्यातून जून १९९३ मध्ये पीडीएफ ही फाइलरचना आणि अॅक्रोबॅट ही तिची प्रणाली बाहेर पडली. पीडीएफमध्ये पोस्टस्क्रिप्टचे चित्रणाचे सामर्थ्य ठेवले, पण तिच्यातली गणनेची आणि पुनरावृत्तीची यंत्रणा काढून टाकली, त्यामुळे शंभरावे पान पाहण्यासाठी आधीची नव्व्याण्णव पाने उलगडावी लागेनाशी झाली. शिवाय वापरलेल्या टंकातील तेवढीच अक्षरे फाइलच्या पोटात घालून ठेवता येऊ लागली. अॅक्रोबॅटसोबत पीडीएफ रायटर नावाचा एक आभासी प्रिंटरही दिलेला होता. तथापि पीडीएफ वाचण्याची प्रणालीसुद्धा पहिल्यांदा विकत घ्यावी लागे, ती १९९४ पर्यंत विनामूल्य झाली तरी पीडीएफ तयार करण्याच्या प्रणालीची किंमत शेकडो डॉलरमध्येच राहिली, आणि दोन संगणकांवर चालणाऱ्या उपनगरातील डीटीपीच्या दुकानाला ती परवडणारी नव्हती.

ही कोंडी फोडणारे काम त्याच पालो आल्टोच्या केंद्रात पूर्वी काम केलेल्या एल. पीटर डॉइच यांनी आधीच सुरू केले होते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाला, म्हणजे वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे आणि इतरांना देण्याचे स्वातंत्र्य वापरकर्त्याला देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चळवळीला, पोस्टस्क्रिप्टचा अर्थ लावणारी स्वतंत्र प्रणाली हवी होती. डॉइच यांनी अडोबीचे प्रसिद्ध व्याकरण समोर ठेवून ती जवळजवळ एकट्याने लिहिली आणि ऑगस्ट १९८८ मध्ये घोस्टस्क्रिप्ट या नावाने प्रसृत केली. एवढ्या गुंतागुंतीच्या भाषेची इतकी विश्वासार्ह प्रणाली एका व्यक्तीने उभी करावी आणि तिचा मूळ पाठ, म्हणजे सोर्स कोड, जगाला खुला ठेवावा, ही संगणकाच्या इतिहासातील असामान्य गोष्ट आहे, आणि ज्या लाखो कार्यालयांनी पुढे तिचा उपयोग केला त्यांतील फारच थोड्यांना हे नाव माहीत असावे ही खेदाची बाब आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात घोस्टस्क्रिप्टला पोस्टस्क्रिप्ट वाचून पीडीएफ लिहिण्याची क्षमता आली. परवान्याच्या बाबतीत मात्र डॉइच यांनी मधला मार्ग धरला होता: नवी आवृत्ती व्यापारी वितरणाला मनाई करणाऱ्या परवान्याखाली निघे आणि जुनी होत जाणारी आवृत्ती ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली येई. २००६ मध्ये ताजी आवृत्तीही त्या परवान्याखाली आली, आणि २०१३ मध्ये तिचा परवाना अधिक कडक अशा एजीपीएलमध्ये बदलला.

घोस्टस्क्रिप्ट हे इंजिन होते. त्याला प्रिंटरचे रूप देणारा दुवा ऑस्ट्रेलियातील रसेल लँग यांनी रेडमॉन या छोट्या प्रणालीने पुरवला. अंधेरीच्या एखाद्या कार्यालयात वर्डमध्ये लिहिलेले पत्र छापायला दिले की काय घडते, हे येथे जरा बारकाईने पाहणे उपयोगी आहे. वर्ड ते पान विंडोजच्या चित्रणयंत्रणेला सांगते. विंडोज ते पोस्टस्क्रिप्टच्या ड्रायव्हरकडे देते, आणि हा ड्रायव्हर बहुधा एखाद्या रंगीत लेझर प्रिंटरचा असतो, मात्र तो प्रिंटर खोलीत नसतो. ड्रायव्हर त्या पानाच्या सूचना लिहून पोर्टकडे धाडतो. पोर्टवर केबलऐवजी रेडमॉन बसलेला असल्यामुळे तो त्या सूचना घोस्टस्क्रिप्टच्या हाती सोपवतो. आणि घोस्टस्क्रिप्ट त्यांची पीडीएफ करते. ड्रायव्हरच्या अंतर्गत सेटिंगमध्ये टंक रेषाकृतीच्या रूपात पाठवायचा की ठिपक्यांच्या चित्राच्या रूपात, हा एक आडवळणाचा पर्याय असे, आणि तो चुकला तर मराठीचे अक्षर पडद्यावर मोठे करताच दातेरी दिसे. अनुभवी अक्षरजुळणीकार नवा आभासी प्रिंटर बसवला की आधी हा पर्याय तपासत, कारण छापखान्यात पाठवलेल्या फाइलचे भवितव्य त्यावर ठरे.

पुढच्या काही वर्षांत याच रचनेवर अनेक प्रणाली उभ्या राहिल्या. जर्मनीतील फिलिप चिनेरी आणि फ्रँक हाइनडॉर्फर यांनी पीडीएफक्रिएटर हा मुक्त परवान्याचा आभासी प्रिंटर घडवला; क्यूटपीडीएफ रायटरसारख्या प्रणाली पैसे न घेता मिळत, पण त्यांचा मूळ पाठ खुला नव्हता आणि त्यांचे इंजिन मात्र बहुधा घोस्टस्क्रिप्टच होते. लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर मायकेल स्वीट यांच्या कप्स या मुद्रणव्यवस्थेला, जिची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये निघाली, फोल्कर बेअर यांनी पीडीएफ लिहिणारे टोक जोडले. अॅपलने २००१ मधील आपल्या नव्या कार्यप्रणालीत छपाईच्या खिडकीतच पीडीएफ जतन करण्याची सोय दिली. मुंबईत या वस्तू येण्याचा मार्ग सुरुवातीला इंटरनेटचा नव्हता. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले असले तरी टेलिफोनच्या तारेवरून काही एमबीची प्रणाली उतरवून घेणे खर्चिक आणि बेभरवशाचे होते, आणि म्हणून संगणकविषयक मासिकांसोबत येणाऱ्या सीडींना मोठे महत्त्व होते. पीसीक्वेस्टने १९९६ मध्ये लिनक्सची सीडी वाचकांना दिली. मुंबईहून निघणाऱ्या डिजिटच्या सीडीही मोफत प्रणालींनी भरलेल्या असत. एकाने घेतलेली सीडी शेजारच्या दुकानात, तेथून नातेवाइकाच्या कार्यालयात जाई, आणि मुक्त परवान्याच्या प्रणालीची अशी नक्कल करून देणे पूर्णपणे कायदेशीर होते.

पीडीएफची गरज डीटीपीच्या दुकानाबाहेर पडून प्रत्येक कार्यालयात पोहोचली ती सरकारी व्यवहारामुळे. केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २००६ मध्ये एमसीए-२१ हा प्रकल्प सुरू केला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून कंपन्यांची विवरणे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने भरणे सक्तीचे झाले. त्यातील अर्ज पीडीएफच्या स्वरूपात होते आणि जोडपत्रेही पीडीएफमध्येच जोडायची होती. मरीन ड्राइव्हच्या कंपनी निबंधक कार्यालयात गठ्ठे घेऊन जाणाऱ्या उपनगरी सनदी लेखापालांच्या आणि कंपनी सचिवांच्या कार्यालयांना ठराव, नोटिसा, भागधारकांच्या याद्या या सगळ्यांची पीडीएफ करणे भाग पडले. मोठी कार्यालये अॅक्रोबॅट विकत घेऊ शकत होती. घाटकोपर-मुलुंडच्या इमारतींतील दोन-चार साहाय्यकांच्या कार्यालयांच्या दृष्टीने मोफत आभासी प्रिंटर हा या सक्तीत तग धरण्याचा मार्ग होता. ही कागदपत्रे जवळजवळ सगळीच इंग्रजीत असत, आणि इंग्रजीत आभासी प्रिंटरने केलेली पीडीएफ शोधता येई, तिच्यातला मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवताही येई. परिणामी ही साधने निर्दोष आहेत असा समज रूढ झाला. मराठीच्या बाबतीत त्यांनी काय गमावले याची चर्चा उशिरापर्यंत झाली नाही, याचे एक मोठे कारण हे की त्यांची पारख इंग्रजी कागदांवर झाली होती.

मराठीत मिळालेला लाभ आधी नोंदवला पाहिजे, कारण तो लहान नव्हता. श्रीलिपीत किंवा आयएसएममध्ये जुळवलेले प्रूफ आता ईमेलने लेखकाकडे जाऊ लागले आणि त्याच्याकडे तो टंक किंवा ती खुंटी नसतानाही पान जसेच्या तसे दिसू लागले. ई साहित्य प्रतिष्ठानासारख्या उपक्रमांना मराठी पुस्तके पीडीएफच्या रूपात वाचकांपर्यंत विनामूल्य पोहोचवता आली, आणि परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांनाही आपल्या संगणकावर काहीही नवे न बसवता ती वाचता आली. महाराष्ट्र शासनाचे निर्णय आणि परिपत्रके पीडीएफमधूनच नागरिकांच्या हाती पडू लागली. जानेवारी २००९ मध्ये सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासाविषयी शासनाने सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खाली निर्देश काढले, तेव्हा बोरिवली-मुलुंडच्या जुन्या इमारतींमधील सभासदांना कायद्याचे कागद, वास्तुविशारदांचे अहवाल आणि सभेची इतिवृत्ते यांच्या प्रती मागणे, देणे आणि जपणे हा नित्याचा व्यवहार झाला, आणि तो व्यवहार कागदावरून पीडीएफवर सरकत गेला. मार्च २०१६ मध्ये व्हॉट्सअॅपने दस्तऐवज पाठवण्याची सोय दिली ती प्रारंभी केवळ पीडीएफसाठी होती, आणि त्यानंतर संस्थेची नोटीस जिन्याखालच्या फलकाइतकीच सभासदांच्या फोनवरही लागू लागली.

गमावलेल्या गोष्टीचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट होते. कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या टंकात ‘मराठी’ हा शब्द टंकित केला तर संगणकाच्या स्मृतीत मराठी असे काहीच नसते. तेथे रोमन ई, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच अक्षरे साठलेली असतात, आणि त्या टंकात ई च्या जागी ‘म’ची, जे च्या जागी ‘र’ची, के च्या जागी कान्याची, बी च्या जागी ‘ठ’ची आणि एच च्या जागी दीर्घ वेलांटीची आकृती काढून ठेवलेली असते. वर्डच्या फाइलमध्ये निदान टंकाचे नाव राहते आणि त्यावरून रूपांतर करता येते. आभासी प्रिंटरमधून गेलेल्या पीडीएफमध्ये पुष्कळदा तेही उरत नाही, कारण प्रिंटरला शब्दांशी कर्तव्य नसते, आकृत्यांशी असते. विंडोजने ‘या टंकातील अमुक क्रमांकाची आकृती येथे काढ’ एवढेच सांगितलेले असते. अशी पीडीएफ मनुष्याला वाचता येते, पण ‘पुनर्विकास’ हा शब्द त्या दीडशे पानांत कोठे आला आहे हे संगणकाला सांगता येत नाही, दृष्टिहीन वाचकासाठी ती वाचून दाखवणारी प्रणाली निरर्थक अक्षरे उच्चारते, आणि तोच मजकूर पुन्हा हवा असेल तर नव्याने टंकित करावा लागतो. सुमारे वीस वर्षांचे मराठी लेखन अशा फाइलींमध्ये बंद होऊन पडले.

हे टाळण्याचा मार्ग शोधण्याचे काम त्याच उपनगरांत, स्थानकाजवळच्या डीटीपीच्या गाळ्यांपासून फार दूर नसलेल्या ठिकाणी चालू होते. जुहूच्या गुलमोहर मार्गालगत नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, ही संस्था टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संगणककेंद्रातून १९८५ मध्ये स्वतंत्र झाली. श्रीनिवासन रमणी तिचे संचालक होते, आणि पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी १९८३ पासून शिकवत होते. तेथून निवृत्त झाल्यावर त्यांनी एनसीएसटीत सुधीर मुदूर आणि सहकाऱ्यांबरोबर भारतीय लिप्यांच्या संगणकीय टंकांवर काम केले. युनिकोड, म्हणजे जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी सर्वमान्य संहिता, आणि ओपनटाइप, म्हणजे क्रमांकांच्या मालिकेतून योग्य जोडाक्षर कसे घडवायचे याचे नियम स्वतःच्या पोटात बाळगणारी टंकरचना, या दोन गोष्टींच्या आधारे जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा देवनागरी टंक घडवला आणि तो विंडोज २००० सोबत जगभर गेला. त्यांचाच ‘रघू’ हा टंक एनसीएसटीने ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली सर्वांना खुला केला, आणि त्याच संस्थेतील इंडिक्स या प्रकल्पाने लिनक्सच्या चित्रणयंत्रणेत भारतीय लिप्या मांडण्याची सोय केली. जोशी यांचे फेब्रुवारी २००८ मध्ये निधन झाले. सुलेखनाची परंपरा आणि संगणकाची शिस्त या दोन्हींवर सारखीच पकड असलेला असा दुसरा माणूस मराठीला त्या काळात लाभला नाही.

या संस्थात्मक कामाला मुंबईतील स्वयंसेवकांची जोड मिळाली. व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी सुरू केलेल्या इंडलिनक्सने भारतीय भाषांत लिनक्स आणण्याचे काम हाती घेतले. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणाऱ्या जितेंद्र शाह यांच्या इंडिकट्रान्स गटाने ‘गार्गी’ हा मुक्त देवनागरी टंक तयार केला, जो पुढे अनेक लिनक्स वितरणांत समाविष्ट झाला. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील नागार्जुन जी. हे २००१ मध्ये स्थापन झालेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचे प्रमुख कार्यकर्ते होते. टंक मुक्त असण्याचा आणि पीडीएफचा संबंध थेट आहे: पीडीएफच्या पोटात टंक घालायचा तर टंकाच्या परवान्याने त्याला संमती दिलेली असावी लागते, आणि रघू किंवा गार्गी वापरणाऱ्याला ती चिंता करावी लागत नव्हती. केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये प्रथम तमिळ आणि हिंदीसाठी, आणि नंतर मराठीसह इतर भाषांसाठी, टंकांच्या मोफत सीडी काढल्या, तेव्हा विकतच्या टंकांची मक्तेदारी आणखी सैल झाली.

तथापि युनिकोड आल्याने पीडीएफचा प्रश्न आपोआप सुटला असे मात्र झाले नाही, आणि त्याचे कारण देवनागरीच्या रचनेत आहे. ‘कि’ लिहिताना युनिकोडमध्ये आधी ‘क’ आणि मग ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते, पण पानावर वेलांटीची आकृती ‘क’च्या आधी काढली जाते, ‘कार्य’मधला ‘र्’ साठवला जातो ‘य’च्या आधी आणि दिसतो रफार होऊन ‘य’च्या डोक्यावर. पीडीएफमध्ये आकृत्या दिसण्याच्या क्रमाने नोंदलेल्या असतात. कोणती आकृती कोणत्या अक्षराची आहे हे सांगणारे कोष्टक फाइलमध्ये जोडता येते, पण ते कोष्टक एकेका आकृतीपुरते बोलते, क्रम पालटून देत नाही. म्हणून शोधताना ‘कार्य’ सापडत नाही आणि उचलून चिकटवलेल्या मजकुरात वेलांट्या भलत्याच अक्षराला जाऊन बिलगतात. यावर पीडीएफच्या रचनेतच एक तोडगा आहे: आकृत्यांच्या एखाद्या गटाला ‘याचा खरा पाठ हा’ अशी चिठ्ठी जोडता येते. ही चिठ्ठी लिहिण्यासाठी मूळ शब्द माहीत असावा लागतो. लेखनाची प्रणाली तो जाणते, आभासी प्रिंटरपर्यंत तो पोहोचतच नाही.

म्हणूनच मराठीच्या दृष्टीने २००३ मध्ये घडलेली एक गोष्ट विशेष महत्त्वाची होती. ओपनऑफिस या मुक्त लेखनप्रणालीच्या त्या वर्षीच्या १.१ आवृत्तीत प्रिंटरचा फेरा न घेता थेट पीडीएफ काढण्याची सोय आली, तर मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑफिसमध्ये ती २००७ च्या आवृत्तीसाठी आधी वेगळी जोडणी म्हणून आणि २००९ पासून अंगभूत दिली. जुलै २००८ मध्ये पीडीएफ हे आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि तिच्यावरचे अडोबीचे एकहाती नियंत्रण संपले. पुढे २०१५ मध्ये विंडोज १० सोबत मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा आभासी प्रिंटर आला, तेव्हा बाहेरून मोफत प्रणाली आणून बसवण्याची गरज बहुतेक कार्यालयांना उरली नाही. लिनक्सवर मात्र घोस्टस्क्रिप्ट मुद्रणव्यवस्थेच्या पोटात राहून काम करतच राहिले.

ज्या फाइलींमध्ये मजकूर अडकून पडला त्या सोडवण्याचे काम आता चित्रावरून अक्षर ओळखणाऱ्या प्रणालींवर आले आहे. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये जन्मलेली आणि नंतर मुक्त परवान्याखाली आलेली टेसरॅक्ट ही त्यांतील प्रमुख असून तिला मराठीचे वेगळे प्रशिक्षण दिलेले आहे. एकेकाळी अक्षरजुळणीकाराने कळफलकावर अक्षर न् अक्षर टंकित केलेले पान आज चित्र समजून पुन्हा वाचावे लागते, त्यात ‘घ’ आणि ‘ध’ची, ‘भ’ आणि ‘म’ची गल्लत होते, आणि मुद्रितशोधन नव्याने करावे लागते, हा खर्च ज्या संस्था आपले जुने अंक आणि अहवाल जतन करू पाहतात त्यांना सोसावा लागतो. नव्या फाइलींची स्थिती अजून मिश्र आहे, कारण एकाच लेखनप्रणालीत थेट निर्यात आणि आभासी प्रिंटर या दोन्ही वाटा शेजारी-शेजारी उघड्या असतात. पवईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पाने लिबरऑफिस रायटर या मुक्त लेखनप्रणालीचे जे पाठ मराठीतही उपलब्ध करून दिले आहेत, त्यांत पीडीएफ थेट निर्यात करण्याची कृती दाखवलेली आहे. तीच नोटीस, त्याच युनिकोड टंकात, प्रिंटच्या आज्ञेने आभासी प्रिंटरकडे पाठवली तर मिळणारी फाइल पडद्यावर हुबेहूब तशीच दिसते, आणि दोहोंतला फरक कळण्यासाठी तिच्यात ‘कार्य’ हा शब्द शोधून पाहावा लागतो.